पथ्य मोडल्यानंतरचे स्वगत

वजन कमी करण्याच्या हेतूने आखलेला आहारक्रम आणि त्यापासून होणारे स्खलन हा विषय वैद्यकाचा व मानसशास्त्राचा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. शरीरात मेद कसा साठतो व कसा झडतो हे वैद्यकाने सांगावयाचे; भूक नसतानाही हात डब्याकडे का वळतो हे मानसशास्त्राने. परंतु या दोहोंच्या मधोमध अशी एक वस्तू आहे की, भाषाशास्त्राने तिच्याकडे पाहिल्यावाचून तिचा पुरता उलगडा होत नाही. वर्ज्य पदार्थ खाऊन झाल्यावर खाणारा मनातल्या मनात जे वाक्य उच्चारतो, ते वाक्य म्हणजे ही वस्तू होय. ते बहुधा दोन-चार शब्दांचे असते. ते कोणी ऐकत नाही, कोठे लिहून ठेवले जात नाही. तथापि त्यानंतरच्या दोन-तीन तासांत काय व किती खाल्ले जाणार याचा त्या वाक्याच्या घडणीशी पुष्कळदा संबंध असतो. मराठीभाषिक माणूस हे वाक्य मराठीत उच्चारतो, आणि ते उच्चारताना मराठी व्याकरणाने त्याच्या हाती दिलेल्या काही सोयी वापरतो. त्या सोयी कोणत्या आणि त्या वापरल्याने काय घडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट. ‘पथ्य’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट या शब्दापासून साधलेला आहे. पाणिनीने (४.४.९२) धर्म, पथिन्, अर्थ व न्याय या चार शब्दांना ‘त्यापासून न ढळलेले’ या अर्थी प्रत्यय सांगितला आहे; तेव्हा वाटेवरून जे ढळलेले नाही ते पथ्य. गेल्या काही दशकांत मराठीत रुळलेला ‘डाएट’ हा शब्द इंग्रजीमार्गे आला असला तरी त्याचे मूळ ग्रीक आहे, आणि त्या मूळ शब्दाचा अर्थ जगण्याची रीत असा होता. दोन्ही शब्दांच्या मुळाशी चालण्याची, राहण्याची कल्पना आहे. वाटेचा गुण असा की, माणूस तिच्यावरून चार पावले बाजूला गेला तरी वाट आपल्या जागी असते. असे असूनही मराठी माणूस ‘वाट चुकली’ असे म्हणत नाही. ‘पथ्य मोडले’ असे म्हणतो. वाटेच्या नामाला काठीचे क्रियापद जोडले गेले आहे.

‘मोडणे’ या धातूचा विस्तार पाहण्यासारखा आहे. फांदी मोडते, खुर्ची मोडते, ठरलेले लग्न मोडते, शपथ मोडते, संसार मोडतो. या सर्वांत समान असे की, वस्तू आधी अखंड असते आणि मोडल्यावर ती वस्तू म्हणून उरत नाही. शपथ पाव हिस्सा मोडली आणि पाऊण हिस्सा शाबूत राहिली असे होत नाही. याच धातूचा आणखी एक नित्याचा उपयोग येथे आठवतो. शंभराची नोट एकदा मोडली की ती संपलीच, असे घरोघर म्हटले जाते. वस्तुतः नोट मोडल्याने एक रुपयाही कमी होत नाही. शंभराचे शंभर हातात असतात. तरी सुटे पैसे भराभर जातात, कारण राखावयाची अशी अखंड वस्तू आता उरलेली नसते. पथ्य मोडल्यानंतरच्या संध्याकाळचे याहून नेमके वर्णन अन्य भाषेत क्वचितच सापडेल.

उपवासाच्या बाबतीत मराठीने अधिक बारकाईने भेद केला आहे. उपवास ‘सोडणे’ आणि उपवास ‘मोडणे’ ही दोन भिन्न कृत्ये होत. द्वादशीला पारणे करून उपवास सोडतात. एकादशीच्या दुपारी विसरून तोंडात घातलेल्या पोळीच्या तुकड्याने तो मोडतो. अन्न तोंडात जाण्याची घटना तीच. पण एक विधिपूर्वक झालेला शेवट आहे आणि दुसरी चूक आहे. व्रताला आरंभ असतो, अवधी असतो, उद्यापन असते, आणि चूक झाल्यास प्रायश्चित्तही सांगितलेले असते. अपराधाची भावना तेथेही असते, परंतु तिला बाहेर पडण्यासाठी दार ठेवलेले आहे. वजन उतरविण्याच्या आहारक्रमाला असे दार नाही. त्याला पारणे नाही, उद्यापन नाही. वजन उतरल्यावरही ते पुन्हा चढू नये म्हणून तो चालूच ठेवावयाचा असतो. म्हणून ‘सोडणे’ हे क्रियापद तेथे एकाच अर्थाने येते. ‘डाएट सोडलं’ म्हणजे प्रयत्नच संपला. सन्मानाने सोडणे हा जो तिसरा मार्ग व्रतस्थाला उपलब्ध होता, तो येथे शब्दासकट नाहीसा झाला आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत फराळाच्या भरल्या ताटाची थट्टा आहे खरी. पण थट्टेच्या सुरातच ती भुकेच्या चुकारपणाला थोडी जागाही करून देते. आहारक्रमाविषयी अशी एखादी म्हण अद्याप रूढ झालेली दिसत नाही.

नियम जितका मोजका तितका तो ध्यानात राहतो, आणि तितकाच तो मोडल्याचा क्षणही ठसठशीत होतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेला आहारक्रम या दृष्टीने लक्षणीय आहे. दिवसातून दोनच वेळा जेवावयाचे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावयाचे, असा त्याचा गाभा आहे. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अभिप्रेत नाही. परंतु दुपारी चारच्या चहाबरोबर घेतलेले एक बिस्कीट पूर्वी बिस्कीट होते. या क्रमात ते तिसरे खाणे होते. संख्येने ते शून्याचे एक झाले, आणि शून्य व एक यांतील अंतर एक व दोन यांतील अंतरापेक्षा मनाला फार मोठे वाटते.

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळावे. समजा, एखाद्या कार्यालयात बढतीचे पेढे वाटले जात आहेत. दोन महिने गोड वर्ज्य केलेली एक कर्मचारी बाई पाच वाजता एक पेढा घेते. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात असे धरले जाते, आणि एका मध्यम पेढ्यातून फार तर शंभराच्या आसपास उष्मांक मिळतात. हिशेबाच्या दृष्टीने तो पेढा नगण्य आहे, आणि त्या बाईला हे ठाऊकही आहे. तरीही सात वाजता घरी आल्यावर फरसाणाचा डबा उघडला जातो, आणि त्यामागून मुलांसाठी आणून ठेवलेले श्रीखंड. पाच ते सात या वेळात भूक वाढलेली नाही. मधल्या वेळात घडले आहे ते एक वाक्य.

मनातले हे वाक्य उघड वाक्यापेक्षा वेगळे का असते याचे विवेचन रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात केले आहे. त्यांच्या मते अंतर्भाषण म्हणजे उघड भाषणाची हलक्या आवाजातील प्रत नव्हे. ते आटवलेले असते. ज्याविषयी बोलावयाचे ते बोलणाऱ्याला ठाऊकच असल्यामुळे उद्देश्य गळून पडते आणि विधेय तेवढे उरते.

हे आटवणे मराठीत कसे घडते ते पाहू गेल्यास मोठी मौज दिसते. पूर्ण वाक्य असे होईल: ‘मी पाच वाजता एक पेढा खाल्ला.’ येथे भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशी जुळते. ‘खाल्ला’ हे पुल्लिंगी एकवचन पेढ्याचे आहे, खाणाऱ्या बाईचे नव्हे. दोन जिलब्या असत्या तर ‘खाल्ल्या’ झाले असते. म्हणजे काय खाल्ले आणि एक की अनेक, याचा थोडाबहुत जमाखर्च क्रियापद स्वतःपाशीच बाळगते. मनात मात्र हे वाक्य उरते ते ‘खाल्लंच शेवटी!’ असे. कर्ता गेला, कर्म गेले, संख्या गेली, वेळ गेली. आणि जुळण्यासाठी कर्मच न उरल्यामुळे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात येऊन उभे राहिले. व्याकरणाच्या दृष्टीने हे रूप निर्दोष आहे. पण पेढ्याचा पुल्लिंग ज्या क्षणी गळला त्या क्षणी पेढाही गळला. एक पेढा असो की अर्धा किलो असोत, ‘खाल्लंच’ या रूपात दोहोंचे माप सारखेच. उष्मांकांचा हिशेब ठाऊक असूनही तो उपयोगी का पडत नाही, याचे एक कारण येथे असावे: ज्याचा हिशेब करावयाचा ते नामच वाक्यात राहिलेले नाही.

‘खाल्लंच’ यातील ‘च’ही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘पाऊस आलाच’ असे आपण म्हणतो ते पावसाची अपेक्षा किंवा धास्ती आधीपासून असते तेव्हा. ‘खाल्लंच’ म्हणणाऱ्या बाईने, आपण कधीतरी खाणार हे जणू आधीच गृहीत धरलेले असते. या ‘च’च्या पाठोपाठ जे वाक्य येते ते असे: ‘मोडलंच आहे, तर आता खाऊनच घेऊ.’ अवघे सहा शब्द, पण त्यांत मराठीची केवढी यंत्रणा कामाला लागली आहे! ‘मोडणे’ हा धातू सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘फांदी मोडली’ यावरून ती कोणी मोडली की आपोआप मोडली हे कळत नाही, तसेच येथे. ‘मोडलं आहे’ या पूर्ण वर्तमानकाळाने पाच वाजता संपलेली घटना सात वाजेपर्यंत चालू असलेली स्थिती बनली. ‘तर’ हे संकेतार्थी अव्यय ‘जर’शिवाय आले असून ते सिद्ध गोष्टीला कारणाचे रूप देते, त्यामुळे वाक्याला तर्काचा डौल येतो, यद्यपि एक पेढा खाल्ल्यावरून श्रीखंड खाणे हे कोणत्याही न्यायाने निष्पन्न होत नाही. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचे फळ कर्त्याच्याच पदरात पडते असे सुचविते. आणि शेवटचे ‘घेऊ’ हे रूप एकवचनी नव्हे, अनेकवचनी आहे. पेढा खाताना ती एकटी होती. श्रीखंड खाण्याचा ठराव मात्र ‘आपण’ सर्वांनी मिळून संमत केला.

या वाक्यामागील वर्तनाचा प्रयोगशाळेतील पुरावा जुना आहे. अमेरिकेत हर्मन आणि मॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी स्त्रियांपैकी काहींना आधी दाट, गोड मिल्कशेक दिला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइसक्रीम समोर ठेवले. खाण्यावर एरवी फारसा निर्बंध न घालणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्ले, आणि ते स्वाभाविकच होते. निर्बंध घालणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक घेतल्यावर, तो न घेणाऱ्या निर्बंधवतींपेक्षा अधिक खाल्ले. जॅनेट पॉलिव्ही यांनी १९७६ साली दाखविले की, आधीच्या पदार्थात प्रत्यक्ष किती उष्मांक आहेत यापेक्षा ते किती आहेत असे सांगितले गेले आहे, याला अशा व्यक्तींच्या बाबतीत अधिक महत्त्व असते. म्हणजे जे मोडते ते पोटात मोडत नाही. पॉलिव्ही आणि हर्मन यांनी या वर्तनाला बोलभाषेतील एक इंग्रजी नाव दिले. त्याचा मराठी प्रतिशब्द ‘गेलं खड्ड्यात!’ असा होईल.

येथे एक मर्यादा नमूद करणे अवश्य आहे, कारण हा निष्कर्ष लोकप्रिय लेखनात फार सैल हाताने वापरला जातो. जॅनेट तोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजन उतरवू पाहणाऱ्या व्यक्तींच्या प्रयोगशाळेबाहेरील दैनंदिन खाण्याची नोंद तपासली. तेथे पथ्य मोडल्यानंतर खाणे बळावते असे आढळले नाही. तेव्हा पेढ्यामागून श्रीखंड येतेच असा नियम सांगता येणार नाही. ते कित्येकदा येते, कित्येकदा येत नाही. जो प्रश्न उरतो तो हाच की, दोन प्रसंगांत फरक कशाने पडतो.

या प्रश्नाचे एक उत्तर मद्यपानाच्या अभ्यासातून आले. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात पाय घसरणे आणि पुन्हा मूळपदावर जाणे यांत भेद केला. व्रतस्थ मनुष्याच्या हातून एकदा चूक झाली म्हणजे तो पुन्हा पूर्ववत पिऊ लागतोच असे नाही. तो त्या चुकीचे कारण काय मानतो यावर पुष्कळ अवलंबून असते. कारण बाहेरचे व तात्पुरते मानले तर तो सावरण्याचा संभव अधिक. ते आपल्याच स्वभावात, कायमचे आणि सर्वत्र लागू पडणारे मानले तर घसरण पुढे चालू राहण्याचा संभव अधिक. हे विवेचन मानसशास्त्राच्या परिभाषेत आहे, पण त्यातील ‘तात्पुरते’ आणि ‘कायमचे’ हा भेद मराठी क्रियापदाच्या काळांत उघड उघड दिसतो.

‘राहवलं नाही’ हे वाक्य घ्यावे. मराठी व्याकरणातील शक्यार्थक रचनेचे हे उत्तम उदाहरण आहे. ‘मला चालवते’, ‘आजोबांना जिना चढवत नाही’ याप्रमाणेच ‘मला राहवलं नाही’. येथे ‘मला’ हा खरा कर्ता नव्हे, ज्याच्या ठायी सामर्थ्य आढळले नाही तो आहे. ही रचना म्हणजे निव्वळ पळवाट असे समजण्याचा मोह होतो, आणि शाळेतल्या मास्तरी नीतीला तो मानवतोही. परंतु ते न्याय्य नाही. पाच वाजता त्या बाईने पेढा खाण्याचा बेत केलेला नव्हता, आणि ‘राहवलं नाही’ हे वाक्य बेत नव्हता हे प्रामाणिकपणे नोंदविते. शिवाय ते भूतकाळी आहे. एकदा, तेथे, तेव्हा. संकट येते ते काळ बदलल्यावर. ‘मला राहवलं नाही’ याचे ‘मला राहवत नाही’ होते, त्याचे ‘मला राहवतच नाही’ होते, आणि अखेर ‘मी अशीच’ होते. शेवटच्या वाक्यात क्रियापदच नाही. मराठीत क्रियापदाशिवाय वाक्य पूर्ण होऊ शकते, आणि अशा वाक्याला काळ नसतो. ज्याला काळ नाही ते संपत नाही. एका पेढ्यापासून आरंभ करून चार पायऱ्यांत ती बाई अशा विधानापर्यंत पोहोचली आहे की, ज्यात कालचा, आजचा व उद्याचा भेदच नाही.

अपराधभाव आणि लाज यांत मानसशास्त्रज्ञ जो फरक करतात तोही याच दोन टोकांचा आहे: ‘मी चुकीचे केले’ हा अपराधभाव, ‘मी वाईट’ ही लाज. मराठीत या प्रदेशासाठी शब्दांची मुळीच उणीव नाही. चुटपुट, रुखरुख, हळहळ, टोचणी, खंत, पश्चात्ताप, शरम. त्यांत चुटपुट सर्वांत हलकी, आणि एका पेढ्याला तीच पुरेशी होती. ‘मन खाते’ असाही एक प्रयोग आहे. खाऊन झाल्यावर मनाने आपल्यालाच खावे, हा योगायोग भाषेने जाणून केला नसेल, पण तो अर्थपूर्ण आहे. न्यूझीलंडमधील क्युअर आणि बॉइस यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, चॉकलेट केक म्हटला की ज्यांना आनंदसोहळा आठवत होता आणि ज्यांना अपराध आठवत होता, अशा दोन वर्गांची तुलना होती. अपराध आठवणाऱ्यांचे हेतू अधिक आरोग्यनिष्ठ नव्हते. आणि त्यांतील वजन उतरवू इच्छिणाऱ्यांना तीन महिन्यांत तुलनेने कमी यश आले. अपराधभाव अंकुशाचे काम करतो ही समजूत या निष्कर्षाशी जुळत नाही.

‘राहवलं नाही’चे एक भावंड मराठी पंगतीत जन्मले आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. ‘एवढा आग्रह केला, मन मोडवेना.’ येथेही शक्यार्थक रूपच आहे, आणि धातूही तोच, मोडणे. पथ्य राखावे तर यजमानाचे मन मोडते, मन राखावे तर पथ्य मोडते. आग्रहाने वाढणे हा जेथे प्रेमाचा शिष्टाचार आहे, तेथे आहारक्रम पाळणाऱ्याला दोन अपराधांतून एक निवडावा लागतो, ही गोष्ट पाश्चात्त्य प्रयोगांच्या चौकटीत सहसा येत नाही. प्रयोगशाळेतले आइसक्रीम कोणी आग्रहाने वाढलेले नसते.

आता पुरुषाचा, म्हणजे प्रथम व द्वितीय पुरुषाचा विचार. स्वतःशी बोलणारा नेहमी ‘मी’ म्हणतो असे नाही. पथ्य मोडल्यावर तर तो बहुधा ‘तू’ म्हणतो. ‘काय केलंस हे?’ ‘खाल्लास ना शेवटी?’ येथे मराठीचे एक वैशिष्ट्य उठून दिसते. ‘मी पेढा खाल्ला’ या वाक्यातील क्रियापदावर फक्त पेढ्याची खूण आहे. ‘तू पेढा खाल्लास’ या वाक्यात पेढ्याची खूण आहेच, पण तिच्यापुढे ‘स’ लागून ‘तू’चीही खूण उमटली आहे. प्रथमपुरुषी कर्ता क्रियापदावर शिक्का न उमटवता निसटू शकतो. द्वितीयपुरुषी कर्त्याला तो ‘स’ पकडून ठेवतो. स्वतःला दोष देताना माणूस ‘तू’कडे का वळतो याचे हे एकमेव कारण नसेल, परंतु मराठीत आरोपाचे वाक्य द्वितीय पुरुषात अधिक घट्ट बसते यात शंका नाही. याहून बोचरा प्रकार आदरार्थी अनेकवचनाचा. ‘घ्या बाईसाहेब, अजून घ्या!’ स्वतःला कोणी गंभीरपणे ‘तुम्ही’ म्हणत नाही. म्हणूनच तेथे आदर हा निव्वळ उपरोध होतो.

तथापि ‘तू’ म्हणजे आरोपच, असे मुळीच नाही. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ताणाच्या प्रसंगी स्वतःचा विचार ‘मी’ने न करता स्वतःच्या नावाने किंवा इतर पुरुषवाचक सर्वनामांनी करणाऱ्यांना आपल्या भावना अधिक चांगल्या आवरता आल्या. हे प्रयोग आहाराविषयी नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण मराठी वाचकाला ही कल्पना नवखी वाटू नये. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी २०५ श्लोकांत मनाला उद्देशूनच उपदेश केला, आणि मनाला चार गोष्टी सुनावण्यापूर्वी आरंभीच त्याला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली. संबोधनाची ही निवड भाषिकदृष्ट्या क्षुल्लक नाही. संबोधन हे वाक्याच्या बाहेर असते, पण ऐकणारा कोण आहे हे तेच ठरविते. ‘खादाडे’ अशी हाक मारून पुढे कितीही हितोपदेश केला तरी तो एका खादाड व्यक्तीला केलेला असतो, आणि खादाड व्यक्तीने खाणे हे सुसंगतच होय.

अखेरीस ‘जाऊ दे’. पथ्य मोडल्यानंतरच्या मराठी स्वगतात हे बहुधा सर्वांत वारंवार येणारे वाक्य असेल, आणि त्याचे दोन अर्थ अगदी उलट दिशांना जातात. ‘एक पेढा खाल्ला, जाऊ दे’ येथे जाऊ द्यावयाचा आहे तो पेढा. ‘आजचा दिवस गेला, जाऊ दे’ येथे जाऊ द्यावयाचे आहे ते पथ्य. शब्द तेच, आज्ञार्थ तोच. ‘जाणे’ या क्रियेचा कर्ता तेवढा निराळा, आणि तो उच्चारलेला नसल्यामुळे एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरणे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांच्या २००७ सालच्या प्रयोगात स्त्रियांना आधी एक गोड डोनट खावयास दिला. नंतर त्यांतील काहींना सहज सांगण्यात आले की, असे पदार्थ सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. पुढे मिठाईची चव पाहण्याच्या वेळी, खाण्यावर निर्बंध घालणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांना हे सांगितले होते त्यांनी, न सांगितलेल्यांपेक्षा कमी खाल्ले. स्वतःला क्षमा केली तर माणूस सैल सुटेल ही भीती तेथे खरी ठरली नाही. सांगणाऱ्याने जाऊ दिला तो डोनट होता, नियम नव्हे.

‘चीट डे’ या आयात शब्दाबद्दल एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. आठवड्यातून एकदा मोकळेपणाने खाण्याची परवानगी आहारक्रमानेच दिलेली असताना तिला फसवणुकीचे नाव देण्यात आले. त्यामुळे परवानगी असलेला घासही चोरीचा ठरतो, आणि ‘आज चीट केलं’ असे म्हणणाऱ्याला आपण नेमके कोणाला फसविले हे सांगता येत नाही. जुन्या मराठीत या जागी पारणे होते.

ज्यांच्या बाबतीत अशा खाण्याचे झटके वारंवार येतात, ताबा पूर्णपणे सुटतो आणि त्यापाठोपाठ तीव्र क्लेश होतात, त्यांचा प्रश्न वाक्यरचनेचा नव्हे. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ही स्वतंत्र व्याधी म्हणून गणली गेली आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. येथील विवेचन त्याअलीकडच्या, नित्याच्या प्रसंगांपुरते आहे.

वजन उतरविण्याच्या वर्तनोपचारात खाल्लेल्या पदार्थांची रोजनिशी ठेवण्यास सांगतात, पूर्वी वहीत आणि आता मोबाइलवर. तिचा उपयोग सामान्यतः उष्मांकांच्या बेरजेसाठी समजला जातो. परंतु तिच्या भाषेकडे पाहिले तर ती अंतर्भाषणाच्या नेमकी उलट आहे. अंतर्भाषणात विधेय राहते आणि नाम गळते. रोजनिशीत नाम राहते आणि विधेय गळते. त्या बाईने पाच वाजता नोंद केली असती तर ती अशी झाली असती: ‘सायं. ५, पेढा, १.’ त्यात ‘खाल्लंच’ नाही, ‘मोडलं’ नाही, ‘तू’ नाही. आणि त्याखालची ओळ रात्रीच्या जेवणासाठी कोरी आहे.